गणितात न धरलेला वारा

प्रिय आबा,

आज पुण्याहून सरांचं पाकीट आलं. माझा प्रबंध परत पाठवलाय, समासात एकच प्रश्न लिहून. तो वाचला आणि मेहरूणच्या भाड्याच्या खोलीत तशीच बसून राहिले. दमले हो आबा! तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

आठवतं? आखाजीच्या सणाला घरी आले होते. यावलच्या बागेत बांधावर बसून तुम्हाला सांगितलं, दुसऱ्याच एका ताऱ्याभोवती गुरूसारखा मोठा ग्रह सापडलाय, ताऱ्याला इतका चिकटून की त्याचं वर्ष चार दिवसांत संपतं. एक बाजू कायम उन्हात, दुसरी कायम काळोखात. तिथली हवा किती तापत असेल, ते मी कॉम्प्युटरवर मांडते.

तुम्ही ते गावभर सांगत सुटलात! लोक म्हणायला लागले, मग आपल्याकडे पाऊस कधी येतो तेही पोरीला विचारा. किती चिडले होते मी तुमच्यावर.

पण त्या दिवशी बांधावर तुम्ही बराच वेळ शेवरीच्या ओळीकडे पाहत होतात. उन्हाळी वारा अडवायला बागेभोवती लावलेली ती शेवरी. पलीकडचं मोकळं रान तापलेलं, आणि शेवरी असूनही झळ आत येऊन कडेच्या केळीची पानं करपलेली. मग म्हणालात, “एका अंगाले आग अन् दुसऱ्या अंगाले थंडी, मंग मधी वारं नही सुटनार का, बाई?”

मी गणितात वारा धरलाच नव्हता. प्रत्येक बाजू आपापली तापते, आपापली निवते, असं मानलं की गणित लवकर उरकतं. ते कबूल करायचं सोडून मी म्हटलं, “आबा, ही काय केळीची बाग आहे? तुम्हाला नाही कळायचं.”

तुम्ही पाणी बघायला उठून गेलात. का नाही रागावलात? श्रावणात तुम्ही गेलात, आणि माफी मागायची राहूनच गेली.

सरांचा प्रश्न तोच आहे, आबा. फक्त इंग्रजीत. त्यांना फोन करून मी लगेच कबूल केलं, हो सर, चुकलंच माझं. फोन ठेवल्यावर स्वतःची लाज वाटली.

आता सगळं पहिल्यापासून. हात उचलत नाही, पण करीन. आणि वाऱ्याचं गणित जिथे सुरू होईल त्याच पानावर लिहीन, की हा प्रश्न पहिल्यांदा माझ्या वडिलांनी, यावलच्या एका केळी बागायतदाराने विचारला. सर म्हणतील, प्रबंधात असं लिहीत नाहीत. ते खोडतील. मी पुन्हा लिहीन.

तुमची,
शकू