एकशे ऐंशी ग्रेनची शेवटची पेटी

मी, अल्व्हिना सिग्ने ब्रेकी, वय वर्षे सत्त्याहत्तर, अविवाहित, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त, राहणार विलो फोर्क, मोंटाना, आज स्वतःच्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे मृत्युपत्र लिहीत आहे. स्मरणशक्ती शाबूत आहे. काही बाबतींत ती थोडी कमी असती तर बरं झालं असतं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही.

कलम १. राहतं घर, मागचं लाकडांचं छप्पर, सफरचंदाची चार झाडं आणि बँकेत जे काही शिल्लक असेल ते माझ्या दिवंगत भावाची मुलगी कोरा ब्रेकी हिला द्यावं. तिला घर विकावंसं वाटलं तर तिने खुशाल विकावं. मला वाईट वाटेल असं मनात आणू नये. तेव्हा मी वाईट वाटून घेण्याच्या स्थितीत नसेन. मोठं पातेलं मात्र शाळेला परत करावं. ते शाळेचंच आहे.

कलम २. माझा चुलतभाऊ ऑरिन ब्रेकी याच्याकडे माझी ॲल्युमिनियमची शिडी आहे. ती त्याने आपली समजावी. तशी तो एकवीस वर्षं समजतोच आहे. याखेरीज त्याला काही नाही. कारण त्याला माहीत आहे आणि ते पुढल्या कलमात येईलच.

कलम ३. माझी रायफल, दुर्बिणीसह, कोरालाच द्यावी. ती हरणाच्या शिकारीला तीन मोसम माझ्याबरोबर आली आहे, आता एल्कच्या, म्हणजे हरणाच्या चौपट जनावराच्या, मागे लागणार म्हणते. म्हणून रायफलीबरोबर हे लिहून ठेवणं मला भाग आहे.

कोरा, पेटीवरचं चित्र पाहून काडतुसं घेऊ नकोस. १९८८ साली मी तसंच काहीसं केलं. आपल्याकडे हरीण आणि एल्क यांचा मोसम एकदमच चालतो. डोंगरात समोर काय येईल सांगता येत नाही, म्हणून दोघांना चालेल अशी एकच गोळी निवडावी लागते. मी दीडशे ग्रेन वजनाची हलकी, वेगवान गोळी निवडली. शंभर यार्डांवर निशाणाच्या कागदावरची तिची तीन छिद्रं अंगठ्याच्या नखाखाली झाकली जात होती. मी तो कागद स्वयंपाकघरात लावून ठेवला होता.

मोसमाच्या पहिल्याच दिवशी दोनशे यार्डांवर नर एल्क आडवा उभा राहिला. मी नेम धरला तिथेच गोळी लागली, खांद्यावर. हरीण असतं तर जागेवर पडलं असतं. एल्कच्या खांद्याच्या हाडावर गोळीचे तुकडे झाले आणि तो तीन पायांवर डोंगराची धार ओलांडून गेला. माझ्याबरोबर शेजारी मेरिट स्लोन होता. लाकूड गिरणीत मेकॅनिक, विधुर, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. आम्ही दोन दिवस बर्फातून माग काढला. तिसऱ्या दिवशी कावळ्यांनी जागा दाखवली. मांस कामातून गेलं होतं. परतताना गाडीत मेरिट एवढंच म्हणाला, "कागदाला खांदा नसतो, अल्व्हिना."

ऑरिनने गावच्या बारमध्ये सगळ्यांना सांगितलं की ब्रेकीबाईंनी दोन मण मांस कावळ्यांना वाढलं, शाळेत पोरांना वाढतात तसं. लोक हसले. हसण्याचं मला काही वाटलं नाही. त्या जनावराने दोन रात्री काय सोसलं असेल, ते ऑरिनने हसण्यावारी नेलं, याचं वाटलं. अजून वाटतं.

पुढच्या उन्हाळ्यात दर शनिवारी मेरिट आणि मी जुन्या खडीच्या खाणीत जायचो. पाच प्रकारच्या पेट्या आणल्या होत्या. आदल्या दिवशी जुनी वर्तमानपत्रं टबात भिजत घालायची, सकाळी त्यांचे गठ्ठे बांधायचे आणि पुढे एल्कच्या खांद्याचं हाड बांधायचं. शंभर, दोनशे, तीनशे यार्ड. मग गठ्ठे उलगडून गोळी शोधायची आणि मेरिटच्या काडतुसांत भरायची दारू मोजायच्या नाजूक तराजूत तिचं वजन करायचं. माझी लाडकी दीडशे ग्रेनची गोळी हाडामागे अर्धीसुद्धा उरत नव्हती. एकशे ऐंशी ग्रेनची एक जात होती. तिचं तोंड अळंबीसारखं फुलायचं, पण वजन जवळजवळ तेवढंच राहायचं आणि ती खोल जायची. कागदावर तिची छिद्रं दीड इंचभर पसरायची. मेरिट म्हणाला, दीड इंच पसरू दे, एल्कची छाती काही नखाएवढी नसते. आम्ही कारखान्यातल्या एकाच घाण्याच्या, एकाच क्रमांकाच्या बारा पेट्या घेतल्या आणि सहा सहा वाटून घेतल्या, कारण दुसऱ्या घाण्याची गोळी रायफलीच्या त्याच नळीतून भलतीकडे जाते.

हे ध्यानात ठेव: थंड नळीतून सुटणारी पहिली गोळी खरी. डोंगरात तीच मिळते. रायफल बाकावर टेकवून नव्हे, जमिनीवर बसून मार, जाड कोट घालून मार. आणि तीन गोळ्यांनंतर नळी पुरती निवू दे. घाई करू नकोस.

मी तर मुळीच घाई करत नसे. नळी निवायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. आम्ही गाडीच्या मागच्या फळीवर बसून कॉफी प्यायचो आणि मेरिट बोलायचा. त्याच्या बायकोबद्दल, गिरणीबद्दल, कधी नुसतंच. मग तो नळीवर पालथा हात ठेवून म्हणायचा, अजून गरम आहे. त्याचा हात तिथे असताना मी माझा कधी ठेवला नाही. तो काढायचा, मग मी ठेवायची. मी सत्त्याहत्तर वर्षं जगले आहे आणि कोणी विचारलं की त्यातलं कोणतं परत हवं, तर मी ती दहा-पंधरा मिनिटं मागेन. दुसरं काही नको.

त्या मोसमात मी एका गोळीत नर एल्क पाडला. तो होता तिथेच बसला. आम्ही त्याच्याजवळ गेलो तेव्हा मेरिटने टोपी काढली आणि मला सांगितलं की गिरणी बंद होतेय, तो ऑरेगनच्या किनाऱ्यावर मुलीकडे जातोय. म्हणाला, "तुझ्याशिवाय जायचं माझ्या मनात नाही. येतेस?"

मी म्हटलं, आई अंथरुणाला खिळली आहे. तो म्हणाला, आईलाही घेऊ. मी म्हटलं, विचार करून सांगते. मार्चमध्ये तो गेला. मी सफरचंदाचं सारण भरलेली गोड 'पाय' भाजून नेऊन दिली, गाडीतलं सामान नीट बांधलंय का पाहिलं आणि काही सांगितलं नाही. पुढे सात वर्षं आईचं कारण होतं. त्यानंतर कारण नव्हतं, सवय होती.

कलम ४. मेरिटचं दर सप्टेंबरला पत्र येतं. त्यात एकच प्रश्न असतो: या वर्षी नळी कशी चालतेय? मी निशाणाच्या कागदाची नक्कल पाठवते, वारा, अंतर, तारीख लिहून. एकोणतीस वर्षांत आम्ही एकमेकांना दुसरं काही लिहिलेलं नाही. माझ्या वाटणीच्या सहा पेट्यांपैकी शेवटची माझ्याकडे आहे, त्यात सतरा काडतुसं उरली आहेत. ती आणि खाणीतले सगळे मूळ कागद, ज्यांवर पेन्सिलीने त्याचंही अक्षर आहे, मेरिट स्लोन याला द्यावेत, आणि बरोबर त्याच्या नावाचं बंद पाकीट.

इथवर लिहून मी पोस्टमास्तरीण फेय डनहॅम हिला साक्षीसाठी बोलावलं. सप्टेंबरची पत्रं इतकी वर्षं तिच्याच हातून जातात. तिने कलम वाचलं आणि विचारलं, "तो तुमच्या आधी गेला तर? ते लिहावं लागतं. पर्यायी नाव."

मी मनात एकेक नाव घालून पाहिलं. कोणाचंही नाव त्या जागेत बसत नव्हतं. फेयने टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला आणि बाहेर झाडांकडे जाऊन उभी राहिली.

नऊ वेळा वाजल्यावर त्याने उचलला.

"मेरिट, मी अल्व्हिना."

"पत्राला अजून वेळ आहे," तो म्हणाला. "सप्टेंबर कुठे लागलाय?"

"मृत्युपत्र लिहितेय. त्यात तुझं नाव आहे."

"आजारी आहेस?"

"नाही. तू?"

"डोळे गेले. कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. दोन वर्षं झाली. माझी एक ओळ कशीबशी लिहितो, तुझी पत्रं मुलगी वाचून दाखवते. दर वेळी विचारते, बाबा, एवढंच?"

मी म्हटलं, "तू डोंगरावर विचारलं होतंस, त्याचं उत्तर द्यायचं राहिलं. उत्तर हो होतं."

त्याने विचारलं, "होतं, की आहे?"

मी म्हटलं, "आहे."

सबब कलम ४ मी माझ्या हाताने खोडलं आहे व खोडल्याबद्दल समासात सही केली आहे. त्यातल्या वस्तू माझ्या मिळकतीत धरू नयेत. येत्या सोमवारी मी त्या ऑरेगनला बरोबर घेऊन जात आहे. बंद पाकीट चुलीत घातलं आहे. या मोसमात मी शिकारीला नसेन. कोराने घरी येऊन राहावं आणि थंडीत पाण्याचे पाइप गोठू देऊ नयेत. मधल्या तीस वर्षांचं काय करावं, याचं कलम मला लिहिता आलेलं नाही. ती कोणाला देता येत नाहीत. उरलेलं वर दिल्याप्रमाणे.

हे सर्व मी वाचून पाहिलं, माझंच आहे, म्हणून सही करते.

अल्व्हिना सिग्ने ब्रेकी
विलो फोर्क, मोंटाना. दिनांक २२ ऑगस्ट २०१९.

आमच्यासमोर सही केली. सही करताना त्या पूर्ण शुद्धीवर होत्या:
१. फेय डनहॅम, पोस्टमास्तरीण
२. ग्लेन टॅलमन, शेजारी