म्हाताऱ्यांच्या वसाहतीला माझी हरकत

आई, काल ग्रामसभेत मी खोटं बोलले, आणि तेही पंचायतीची सदस्य म्हणून पुढच्या खुर्चीत बसून. नदीकडच्या माळावर पुण्याची काही मंडळी म्हाताऱ्या माणसांसाठी वसाहत बांधणार आहेत. बसकी घरं, न्हाणीत धरायला दांड्या, उशाशी घंटी. घंटी वाजली की बाई धावत येणार. गावानं ना-हरकत ठराव केला की नकाशा पुढं भोरच्या कचेरीत जायचा. त्या नकाशावर लेखी हरकत एकच आली, ती माझी. गुरं पाण्यावर न्यायची जुनी वाट त्यांच्या कुंपणात जाते, असं कारण मी आधी लिहून दिलं होतं आणि काल सभेतही तेच धरून बसले. आपल्या दारातली गुरं जाऊन कैक वर्षं झाली, हे सभेतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. 

खरं कारण तुला सांगते. पहिल्या नकाशाबरोबर त्यांनी एक मोठं रंगीत चित्र आणलं होतं. चाकाच्या खुर्चीत एक गोरीपान म्हातारी, आणि मागं उभं राहून तिचे केस विंचरणारी बाई. ते चित्र भिंतीला लागलं. मला तू सांभाळायचीस ती पुण्याची बाई दिसली. तू जाऊनही आता वीस वर्षं झाली, ती तर तुझ्याही आधी गेली, पण माझा तिच्यावरचा राग अजून हातीपायी धड आहे. मी तिला एकदाही पाहिलं नाही, तरी तिचं सगळं मला पाठ आहे. तिला चहात आलं चालायचं नाही, वेलची लागायची. तिची नखं शनिवारी आंघोळ झाल्यावर काढायची, कारण तेव्हा ती मऊ असतात. माझी नखं मामी काढायची, घाईघाईत, पार जिवाला लागेपर्यंत.

बाबा गेल्यावर मला मामाकडे ठेवून तू तिच्या घरी कामाला राहायला गेलीस, आणि महिन्यातून एकदा यायचीस. मी सकाळपासून फाट्यावर जाऊन बसायची, येणारी प्रत्येक एसटी बघायची. एक दिवस मला नीट आठवतो. मामीच्या चुलीपुढं तू मला वाढते आहेस. भातावर आमटी ओततेस आणि कुस्करतेस, परत थोडी ओततेस आणि परत कुस्करतेस, अगदी शीत न् शीत मोडेपर्यंत. मी बघत राहते आणि मग म्हणते, "मला दात हाईत." तुझा हात थांबतो. "सवय लागली गं हाताला," तू म्हणतेस. "त्यांना कोन हाय दुसरं?"

"आन् मला?" मी विचारलं. तू ताट माझ्याकडं सरकवलंस आणि म्हणालीस, "अन्नावर राग काढू न्हाई." मी जेवले नाही. मग तू पिशवीतून तो स्वेटर काढलास, जांभळा, पांढऱ्या गुंड्यांचा. बाईचे पाय गेले होते पण हात चालत होते, तिनं माझ्यासाठी विणला होता. मी तो बाजूला ठेवला. तू ओढ्यावर जाऊन आलीस तेव्हा मी सांगितलं, घट्ट होतोय.  दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तू गेलीस आणि स्वेटर मामेबहिणीच्या अंगात गेला.

तर काल. त्यांचा इंजिनियर नवीन नकाशा घेऊनच आला होता. "मॅडम, कुंपण आत घेतलंय, गुरांची वाट पूर्ण मोकळी सोडली आहे," तो म्हणाला. सरपंच माझ्याकडं वळले. "मंग वहिनी, घेताय न्हवं हरकत मागं?" मी म्हणाले, पाण्याचं काय? त्यांनी पाण्याचा कागद दाखवला. मी म्हणाले, मैल्याचं काय? त्याचाही कागद निघाला. माझ्याजवळचं सगळं संपलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "आपल्या गावातल्या बायांनी दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या का म्हणून सांभाळायच्या?"

तेव्हा वरच्या आळीतली एक उठली. पंचविशीची असेल, गेल्या वर्षी नवरा गेला तिचा. कडेवर तीन वर्षांची मुलगी, आईचा पदर तोंडात धरून बसलेली. "काकी," ती म्हणाली, "मला पुन्यात काम आलंय. तितंच ऱ्हायचं, चोवीस तास. पोरगी सासूपाशी ठिवावी लागंल. हितं ह्ये व्हनार असलं तर तवर मी कुनाच्याबी भातात राबीन, थांबीन. मंग रोज सांजच्याला घरी यीन. पोरगी माझ्यापाशी निजंल. तुमच्या एका सहीवर अडलंया."

मी त्या मुलीकडंच बघत होते. आई, मला तिचा हेवा वाटला. पंचावन्न वर्षांची, नातवंडं असलेली बाई मी, आणि पदर चोखणाऱ्या पोरीचा हेवा. त्याहून वाईट सांगते. क्षणभर मनात आलं, जाऊ दे तिची आई पुण्याला. मी राहिले तशी हीपण राहील. "उद्या सांगते" म्हणून मी सभेतून उठले.

आज सकाळी पंचायतीत जाऊन हरकत मागं घेतली. कारणाच्या जागी लिहिलं, वाट सोडल्यामुळे. ती बाहेर पायरीवर बसली होती, मला बघून उभी राहिली. मी थांबले नाही. सही केली म्हणून मन मोठं झालं, असं काही झालं नाही. घरी येईपर्यंत मी जळतच होते. त्या पोरीला रोज संध्याकाळी आई मिळणार, आणि त्यात काही विशेष आहे हे तिला कधी कळणारही नाही.

सभेच्या नोटिशीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हे लिहिलंय. टाकायचं कुठं? डाळीच्या डब्याखाली ठेवून देईन.

एक राहिलं. त्या दिवशी तू ओढ्यावर गेलीस तेव्हा मी गोठ्यात जाऊन तो स्वेटर घातला होता. घट्ट नव्हता. बाह्या बरोबर मनगटाशी आल्या, गळा नीट बसला. त्या बाईनं मला कधी पाहिलं नव्हतं. माझी उंची, माझे खांदे तूच तिला हातानं दाखवले असणार. हे मला तिथंच, गोठ्यात उभ्या उभ्या कळलं होतं.