आप्पाजींच्या कृत्तिका

येलहंका,
११ फेब्रुवारी २०२५

चि. अभिमन्यू यास अक्काचे आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमधून सवड मिळाली तर वाच. फोन केला असता तर ओरडले असते, म्हणून कागद घेतला.

रविवारी आपल्या आप्पाजींच्या आठवणीत त्यांच्या आकाशनिरीक्षण क्लबने प्रदर्शन भरवलं. तू आला नाहीस, फोटो तेवढा छापून पाठवलास. त्यांनी काढलेला शेवटचा, कृत्तिकांचा. शेजारी त्यांची घरी बनवलेली दुर्बीण ठेवली होती. क्लबच्या रघुनंदन अण्णांनी फोटो पाहिला, दुर्बिणीत डोकावले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "अक्का, स्वल्प इकडं बघा. तुमच्या वडिलांच्या दुर्बिणीतला छोटा आरसा तीन पट्ट्यांवर बसलाय. त्यांच्यामुळं फोटोत ताऱ्याला प्रकाशाची सहा टोकं येतात. ही चार कुठनं आली?"

मागून कुणीतरी हसलं. "म्हातारपणी कॉम्प्युटरवर चिकटवली असतील. सरी, असू दे, सोडा."

ढग आले तर ढगांचाच फोटो दाखवणारा माणूस तो! त्याला तू खोटारडा ठरवलंस. खरी टोकं पुसून सॉफ्टवेअरमधली चार ठोकायची, हा शहाणपणा तुला कुणी शिकवला? त्या पट्ट्या आप्पाजींनी स्वतः कापल्या होत्या, बोटं सोलून घेतली होती. जरा तरी लाज वाटायला हवी होती. मी तिथे तोंडातून शब्द काढला नाही, याचाही संताप येतोय.

तू म्हणशील, "अक्का, तूच म्हणालीस ना, टोकांतली एक रेघ फाटकी दिसते, नीट कर." हो, म्हणाले. ती का फाटली, ते नाही सांगितलं. दिवाळीच्या साफसफाईत माझ्या हातून दुर्बीण पडली. एक पट्टी वाकली. मी गप्प बसले. फोटोत ती रेघ पाहून आप्पाजींना वाटलं, आपलाच हात थरथरतो, आपणच ती वाकडी बसवली. "आता जमत नाही गं," म्हणाले, आणि त्या फोटोनंतर दुर्बिणीला हात लावला नाही. महिन्याभरात गेले. मला ती रेघ डोळ्यांसमोर नको होती, अभि.

येत्या रविवारी क्लबची बैठक आहे. मूळ फोटो फाटक्या रेघेसकट लावणार आहे. माझं मी उभी राहून सांगेन, तुझं तू येऊन सांग. सगळा क्लब ऐकेल. ज्यांना सांगायला हवं होतं, ते दीड महिना रोज माझ्या हातचा चहा पीत होते.

तुझ्यावर चिडलेली, आणि तुझ्यापेक्षा जास्त दोषी,
अक्का