दीर्घ ऊ

सांगली, ४ जुलै १९७४

चि. सौ. उमास अनेक आशीर्वाद.

जुनं सागवानी कपाट आणलं, पंचावन्न रुपये. काचकागद दीड रुपया. "आवं काकू, साताऱ्याचा माल हाय, लय टिकंल," जुन्या बाजारातला कृष्णात म्हणाला. हिरव्या रंगाचे थर खरवडले, तर दाराच्या आत अक्षरं निघाली: 'ऊमा'. तुझ्या लग्नात सुतारानं दीर्घ ऊ कोरला म्हणून मी त्याच्याशी भांडले होते.

तू लिहितेस, सगळं छान आहे. मग तुझ्या सासरचं, साताऱ्याचं, आंदणाचं कपाट इथल्या बाजारात कसं आलं?

तुझी पत्रं सासरी आधी वाचतात, म्हणून हे देव्हाऱ्यातच ठेवते. टाकते फक्त कार्ड, तेही तुझ्या नावात मुद्दाम दीर्घ ऊ घालून. ते म्हणतील, मॅट्रिक बाईला ऱ्हस्वदीर्घ कळत नाही. तुला कळेल.

'चि. सौ. ऊमास, जुनं कपाट पॉलिश करून ठेवलंय. आषाढात न्यायला येऊ का? उलट टपाली कळव.'

तुझी आई,
अनसूया