वैशाखातली भाऊबीज

प्रिय प्रफुल्ल,

काल डायलिसिसनंतर तुला डुलकी लागली होती, म्हणून न बोलता निघाले. समोर बोलायला गेलं की तू विषय बदलतोस आणि मी चहा ठेवायला उठते, त्यापेक्षा लिहिलेलं बरं. इकडे भिलाई-३ला पाणी एक दिवसाआड येतं आहे. कैरीचं लोणचं घातलं. तुला चालत नाही म्हणून पाठवत नाही.

मागच्या आठवड्यात तुझ्या स्नेहलने फोन केला की राधाबाईला भाऊ नाही, तुला ओवाळायची तिची फार हौस आहे. मला बरं वाटलं. करंज्या मीच तळल्या. तुझ्या सेक्टर २च्या क्वार्टरवर आले तर भर वैशाखात खिडकीत आकाशकंदील, दारात पणत्या, आणि स्नेहलचा भाऊ रूपेश फोटो काढतो आहे. एरवी कॅंप-१मधून भांडी घासायला येणारी राधाबाई नवी साडी नेसून पाटाजवळ अवघडून उभी होती. तरी मला काही सुचलं नाही. घरी आल्यावर मोबाईलवर फोटो पाहिला, तेव्हा तुझ्या मागे कूलर सुरू दिसला. दिवाळीत कूलर कोण लावतं रे?

शंका आली म्हणून शेजारच्या समीक्षाकडून किडनी देण्याघेण्याचे नियम छापून घेतले आणि चष्मा लावून दोनदा वाचले. नात्याबाहेरच्या माणसाची किडनी घ्यायची तर रायपूरच्या समितीला जुन्या आपुलकीचा पुरावा लागतो. पुरावा म्हणून फोटो, आणि राधाबाई आपल्या घरचीच आहे हे सांगायला मी.

मग मी राधाबाईकडे गेले. तिने काही लपवलं नाही. किडनीचे अर्धे पैसे तिला मिळालेत, तेही मारोतराव स्मृती निधीतून. ह्यांच्या नावाचा तो डबा मंडळाच्या गणपतीत गरिबांच्या डायलिसिससाठी फिरतो आणि किल्ली तुझ्याकडे असते. हे त्याच मशीनवर गेले, प्रफुल्ल. शेवटी सुई टोचायला हातावर जागा उरली नव्हती. तुला कशाची भीती वाटते ते मला समजावून सांगावं लागत नाही.

मी तिला म्हटलं, नको वाटत असेल तर अजून वेळ गेलेली नाही. तिने निवडायचे तांदूळ बाजूला ठेवले. मग म्हणाली, "ताई, पैशासाठीच देऊन राहिली होती मी. पर ओवाळलं तवा भाऊ खरा वाटला मले. आता मागं कशी फिरू?"

ते ऐकल्यापासून हे पत्र डोक्यात आहे. समितीने मला विचारलं तर मी खरं तेच सांगेन. त्याआधी तूच राधाबाईला नाही म्हण. तिला दिलेलं परत मागू नकोस, ते मी पेन्शनमधून निधीत भरते. मंडळाला मात्र तू स्वतः सांगायचं. स्नेहलचं बीपी असं, म्हणून बायको असूनही तिचा प्रश्नच नव्हता. मला तू विचारलं नाहीस, एकटी बाई, पुढे हिच्याकडे कोण बघणार म्हणून. तेही कळतं मला. सोमवारी तुझ्या डॉक्टरांकडे माझी तपासणी करायला येते आहे. रक्तगट आपला एकच आहे, वय आणि शुगर काय म्हणते ते बघू. डॉक्टर नाही म्हणाले तर ह्यांच्याजवळ बसले तशी तुझ्याजवळ बसेन, पण राधाबाईचा हात धरून तिला समितीपुढे नेणार नाही. तो कंदील उतरवून नीट ठेव. दिवाळीला लागेल.

तुझीच,
ताई