मॅडमची ऑर्डर

३ मार्च

आज माझ्याच घरात मला दम मिळाला. गुन्हा काय – तर नातीला पाणी दिलं!

त्याचं असं झालं. ताई आल्या होत्या. ताई म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना शिकवणाऱ्या. नव्याच आहेत. आठवड्यातून तीनदा येतात, जमिनीवर फतकल मारून बसतात आणि आमच्या मॅडमशी खेळतात. मॅडम म्हणजे माझी नात. वय पाच. बोलत नाही, पण रुबाब असा की दुसरं काही म्हणवत नाही.

तर मॅडमनी पाण्याच्या जगकडे नुसतं पाहिलं. मी ग्लास भरून हातात! ताईंनी सुस्कारा सोडला.

"आजोबा, तिनं मागितलं का?"

"मागायची वेळच येऊ दिली नाही!" मी छाती फुगवून.

"तेच तर!"

तेच तर काय? जन्मभर हॉटेलात वेटर होतो, शेवटी शेवटी कॅप्टन, म्हणजे सगळ्या वेटरांचा मुकादम. आमच्या धंद्यात गिऱ्हाईकाला मागावं लागलं म्हणजे वेटर कच्चा. मीठ कमी आहे हे त्याच्या लक्षात यायच्या आत मीठदाणी समोर हवी. आणि ही कालची पोरगी मला शिकवतेय!

५ मार्च

आज ताईंनी रीतसर बैठक घेतली. मुलगा, सूनबाई आणि मी. (खरं म्हणजे आरोपी मीच. बाकीचे दोघं साक्षीदार.)

शाळेच्या बाईंनी जागा ठेवली आहे. अट एकच – मॅडमना मोठ्या माणसाला आपणहून काहीतरी सांगता आलं पाहिजे. शब्द नकोत. खूण चालेल, चित्राचं कार्ड चालेल. पण सांगायला हवं, नाहीतर वर्गात तिचं काही दुखलंखुपलं तर कळणार कसं? महिनाअखेरीला बाई घरी येऊन बघणार. नाही जमलं तर वर्षभर थांबा.

"घरात तिला काही सांगायची गरजच पडत नाही," ताई म्हणाल्या. "मग ती कशाला सांगेल?"

हे मात्र लागलं. माझ्यामुळे पोरीची शाळा जाणार असेल तर काय चाटायचंय माझं कॅप्टनपण!

मग फ्रिजवर कार्डं चिकटवली – पाणी, बिस्किट, सफरचंद, झोका. काढून हातात द्यायची अशी. वस्तू दिसेल पण हाताला लागणार नाही, अशी ठेवायची. आणि आपण? आपण बावळटासारखं बसायचं.

"आजोबा, बावळट व्हायला जमेल ना?"

मुलगा खो खो हसला. कार्टा!

७ मार्च

बावळटपणाचा पहिला दिवस. बिस्किटांची बरणी वरच्या फळीवर. ताई एका कोपऱ्यात, मी दुसऱ्या कोपऱ्यात छताकडे बघत. मॅडमनी बरणीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आमचे श्वास रोखलेले!

मॅडम सरळ दारामागे गेल्या, माझ्या कोटाच्या खिशात हात घातला आणि बिस्किट काढून खायला लागल्या.

"खिशात बिस्किटं, आजोबा?"

"ती माझी आहेत."

"चार खिशांत?"

८ मार्च

झडती झाली. सूनबाईंनी घेतली. चष्म्याच्या डब्यातलं सुद्धा सापडलं!

१२ मार्च

सूनबाई हल्ली फार गोड बोलतात. "बाबा, आज किती छान थांबलात!" "वा बाबा, लगेच उठला नाहीत!" मी आपला फुगलो. दुपारचा दुसरा चहासुद्धा न मागता मिळाला. आणि आज कॅलेंडरवर बघतो तर तारखांवर चिमुकल्या चांदण्या. मी ज्या दिवशी हात आवरला, त्या दिवशी चांदणी!

म्हणजे ताईंनी शिकवलेलं सगळं माझ्यावरच चाललंय. हवं तसं वागला की शाब्बासकी, नको ते केलं की दुर्लक्ष. मला वळण लावतायत!

रागावणार होतो. पण चहा बरा होता.

१४ मार्च

वरच्या मजल्यावरचे गृहस्थ पुन्हा आले. "तुमची नात उड्या मारते, आमची झोपमोड होते!" खालच्या घरातल्या उड्यांनी वर झोपमोड! मी ताईंची युक्ती केली. बोलत होते तोवर भिंतीकडे बघितलं. गप्प झाले तसं म्हणालो, "वा! किती छान शांत उभे आहात." ते तरातरा निघून गेले. चांदणी द्यायची राहिली.

१८ मार्च

आजचा दिवस वाईट.

मॅडम फ्रिजपाशी उभ्या होत्या. पाणी हवं होतं, मला ढळढळीत दिसत होतं. पण सूनबाई म्हणालेल्या ना – थांबायचं. थांबलो. मॅडम रडायला लागल्या. तरी थांबलो. मग त्यांनी खाली बसून कपाळ जमिनीवर आपटलं. मी धावलो, कुशीत घेतलं, पाणी पाजलं आणि दोघं मिळून रडलो. सूनबाई आल्या, त्याही आमच्यात बसल्या.

ताई आल्यावर मी आधीच बोललो, "चुकलो. दिलं पाणी."

"आजोबा, रडेपर्यंत थांबायचंच नसतं! आणि पाणी तर कधीच अडवायचं नाही. जरासं थांबायचं, मग तिचा हात धरून कार्डापर्यंत न्यायचा, आणि कार्ड हातात आलं की ताबडतोब द्यायचं. वाट दाखवायची, परीक्षा नाही घ्यायची."

हे आधी नाही का सांगायचं? त्या म्हणतात, सांगितलं होतं. मी तेव्हा रुसून बसलो होतो म्हणे. असेन.

२४ मार्च

हात धरला की मॅडम कार्ड देतात. हात सोडला की फ्रिजसमोर नुसत्या उभ्या. घरात सगळ्यांची तोंडं उतरलेली. बाई यायला आठवडाही नाही. मुलगा जेवताना म्हणाला, "नाही जमलं तर नाही, बाबा. पुढच्या वर्षी बघू."

काहीतरी केलं पाहिजे. माझ्या डोक्यात एक युक्ती आहे. इथे सुद्धा लिहीत नाही!

३० मार्च

लिहितो. आता काय लपवायचं.

मी मॅडमना गुपचूप शिकवलं होतं. मी खोकलो की फ्रिजवरचं कार्ड आणून द्यायचं, की लगेच बिस्किट. पोर हुशार, दोन दुपारींत शिकली. (हुशारी माझ्याकडून आली आहे.)

आज बाई आल्या. सोफ्यावर बसल्या, शेजारी ताई. मी हळूच खोकलो. मॅडम उठल्या, बिस्किटाचं कार्ड काढलं, माझ्या हातात दिलं! बाई टाळ्या वाजवायच्या बेतात. सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी. मुलगा तर उभाच राहिला. मला असा काही आनंद झाला की चहाचा मोठा घोट घेतला आणि ठसका लागला!

खोकला थांबेना. मॅडम धावल्या. पाण्याचं कार्ड माझ्या मांडीवर. मी खोकतोय. झोक्याचं कार्ड मांडीवर. सफरचंद. सगळी कार्डं संपली तशी फ्रिजवरचं विजेचं बिल आणून दिलं, आणि बिस्किटासाठी हात पुढे केला!

मग ताई हळूच म्हणाल्या, "आजोबा, वर्गात कोण खोकणार?"

बाई भल्या आहेत. हसू दाबत म्हणाल्या, शनिवारपर्यंत जागा ठेवते. पण सूनबाईंचा चेहरा मला बघवेना. क्षणभर त्यांना खरं वाटलं होतं! मला लाज वाटते आहे. कानाला खडा.

३१ मार्च

दिवसभर खोकल्याची गोळी चघळत बसलो. एकदाही खोकलो नाही. चांदणी नाही. मागितलीही नाही.

३ एप्रिल

दुपारी घरात आम्ही दोघंच. मॅडमना सफरचंद दिलं – सवयीनं, न मागता. रोजच्यासारखं साल काढून, पातळ फोडी पंख्यासारख्या मांडून. मॅडमनी बशी उचलली आणि माझ्या हातात परत दिली. वाटलं, भूक नसेल. त्या फ्रिजकडे गेल्या, सफरचंदाचं कार्ड काढलं, माझ्या दुसऱ्या हातात ठेवलं. मी खोकलो नव्हतो! घाईघाईनं बशी पुढे केली. बशी परत. आणि कार्डावर बोट, दोनदा. चित्रातलं सफरचंद लालभडक, अख्खं, सालीसकट. मी टोपलीतलं तसंच एक धुऊन दिलं. कचकन चावलं आणि आनंदानं हात फडफडवत घरभर फिरल्या. एवढी वर्षं मी सोलत होतो! सगळी नोकरी झाली, एकाही गिऱ्हाईकानं डिश परत पाठवली नव्हती. "सॉरी मॅडम," म्हणालो. ताईंना फोन लावला, पण तोंडातून शब्द फुटेना. त्या आपल्या विचारतायत, "आजोबा? काय झालं? काय हवंय तुम्हाला? सांगा ना!"