विचारणारा मेडिकलवाला

कळवा,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय मायाताई,

तुला आणि आईला मनापासून जयभीम. आईच्या हाताचं प्लास्टर निघालं का?

कागदावर पत्र बघून हसू नको. व्हॉट्सअ‍ॅपवर तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. एक गोष्ट सांगायचीय, ती ऐकून तू माझं तोंड बघणार नाहीस अशी भीती वाटते. म्हणून आधी चांगली बातमी.

अगं, मी विम्याची नोकरी सोडली! इथेच एका मेडिकलमध्ये काउंटरला उभा राहतो, पांढरा कोट घालून. आज चौदावा दिवस. पाय सुजतात, पण काय सांगू तुला, मजा येतेय!

लोकांच्या लेखी मी वाणीच, तांदळाऐवजी गोळ्या देणारा. "ए शेठ, ती लाल गोळी दे." काही विचारलं की, "तुला काय करायचंय? डॉक्टरने लिहिलंय ना?"

चौथ्याच दिवशी मागच्या गल्लीतले तानाजीकाका आले. चिठ्ठी संधिवाताची, सहा दिवसांपूर्वीची. "गावी चाललोय, अजून दोन स्ट्रिप दे." मी सहज विचारलं, "काका, आतापर्यंत किती खाल्ल्या?" म्हणाले, "सहा. रोज एक." ताई, ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेततं.

मी म्हटलं, देणार नाही. काका असे भडकले! "दुकानदार आहेस, दुकानदारासारखा राहा. मोठा आला डॉक्टर!" मागे रांग, मालक डोळे वटारतोय. मी तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. आधी वैतागले, मग किती खाल्ल्या ते पुन्हा विचारलं. म्हणाले, "आत्ताच्या आत्ता पाठवा." मीच काकांना रिक्षात घातलं. ते शिव्या देतच होते.

वाचले, ताई! काल हॉस्पिटलातून घरी आले! त्यांच्या बायकोने, शेवंतीकाकूंनी, डबाभर करंज्या आणून दिल्या. आता लोक "तो विचारणारा मेडिकलवाला कुठाय?" म्हणत येतात आणि माझ्यासमोर औषधांच्या पिशव्या ओततात. एक आजी तर जावयाच्याही गोळ्या घेऊन आल्या. बी.फार्म.ची चार वर्षं पहिल्यांदा कामी आल्यासारखी वाटली.

आता ते दुसरं.

माझं सर्टिफिकेट ट्रंकेत पडलंय असं मी तुला सांगायचो. खोटं होतं ते. दोन वर्षं ते मानपाड्याच्या त्या दुकानात लावलेलं होतं, भाड्याने. कागदावर फार्मासिस्ट मी, गोळ्या द्यायचा मालक. महिन्यातून एकदा सह्या करायला गेलो की माझं काम झालं. त्यानेच आईला शुगरची दुप्पट पॉवरची गोळी दिली आणि आई चक्कर येऊन पडली. मी तिथे असतो तर निदान स्ट्रिपवरचा आकडा तरी वाचला असता. लाज वाटते गं, फार लाज वाटते.

सर्टिफिकेट काढून आणलंय. आईला कधी सांगायचं ते तू ठरव, सांगेन मीच. शिव्या घाल, दोन थोबाडीत मार, पण बोलणं टाकू नको.

तू मला घेऊन त्या दुकानात भांडायला गेलेलीस. सर्टिफिकेट तेव्हा कॅलेंडरमागे होतं. तू ओरडून विचारलंस, "तुमचा फार्मासिस्ट कुठाय?" मालक माझ्याकडे बघत राहिला आणि मी खाली.

ताई, तो तुझ्या शेजारीच उभा होता.

तुझा, अजूनही तुझाच असेन तर,
रत्नदीप